इंजिन थांबते तेव्हा

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेले एक छोटे शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एका शेतात उतरले. इंजिनची शक्ती कमी झाल्यामुळे ते नाइलाजाने खाली आले. विमानात शिकाऊ वैमानिक तरुणी एकटीच होती. तिला किरकोळ इजा झाली, पण ती वाचली. वर्तमानपत्रातील ही बातमी मी वडिलांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी विचारले, "रान मोकळं होतं का रं? का ऊस उभा होता?"

मला तो प्रश्न भाबडा वाटला. विमानाच्या बातमीत उसाचे काय? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे 'आपल्याला घरच्यांपेक्षा अधिक समजते' असा एक अहंकार मनात शिरला होता. पुढे ग्रंथालयात या विषयावर जे वाचले, त्याने तो उतरवला.

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे कोसळते, हा आपला पहिला गैरसमज. प्रत्यक्षात ते घसरगुंडीवरून उतरावे तसे तरंगत खाली येते. सेसना १५२ हे दोन आसनांचे विमान वारा नसताना उंचीच्या सुमारे नऊ पट अंतर कापते. म्हणजे तीन हजार फुटांवर इंजिन थांबले तर साधारण आठ किलोमीटरचा टापू आणि चार-साडेचार मिनिटे हाताशी राहतात. अट एकच : वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर राखला पाहिजे. उंची टिकवण्याच्या मोहाने नाक वर ओढले, तर वेग घटतो, पंखांचा आधार सुटतो आणि मग मात्र विमान खरोखरच कोसळते.

इंजिन का थांबते? कधी पेट्रोल संपते, कधी त्यात पाणी शिरते, कधी एखादा भाग तुटतो. सर्वांत नवलाचे कारण म्हणजे बर्फ! कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा एकदम गार होते. हवा दमट असेल, तर बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिनचा श्वास कोंडतो. म्हणून तेथे गरम हवा सोडण्याची सोय केलेली असते. वैमानिक आधी वेग सावरतो, मग शेत निवडतो, त्यानंतर पेट्रोलची कळ, गरम हवा व ठिणगीची बटणे तपासून इंजिन पुन्हा चालते का पाहतो आणि रेडिओवरून 'मेडे' ही हाक देतो. उतरण्यापूर्वी पेट्रोल बंद करून दारे उघडी ठेवतो, कारण दार वाकून अडकले तर बाहेर पडता येत नाही.

आता शेताची पारख. रान लांब व मोकळे हवे. उतार असेल तर चढाच्या दिशेने उतरावे. नांगरट असेल तर तासांच्या आडवे न जाता तासांच्या दिशेने उतरावे. विजेच्या तारा व बांध टाळावेत. उंच पीक आणि चिखल दोन्ही वाईट. चिखलात पुढचे चाक रुतून विमान उलटू शकते. धुराकडे पाहून वारा ओळखावा आणि वाऱ्याच्या तोंडावर उतरावे. विमानाचा हवेतील वेग ८० आणि वारा २० किलोमीटर असेल, तर वाऱ्यासमोर उतरताना जमिनीवरचा वेग ६० होतो, वारा पाठीशी घेतल्यास १००. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे हा फरक जवळजवळ पावणेतीन पटींचा!

हे वाचताना मला वडिलांचा प्रश्न आठवला. रानाचा चढ, नांगराची तासे, उफणणीचा वारा ही त्यांची रोजची विद्या. आमच्या मलकापूरच्या बाजूला, आंबा घाटाच्या वरच्या अंगाला, पावसाळ्यात भाताची खाचरे चिखलाने भरलेली आणि दर पन्नास पावलांवर बांध. येथे विमान कोठे उतरवता येईल, हे माझ्याआधी तेच सांगतील.

उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले तर शिकवण आणखी कठोर आहे : मागे वळू नका, समोर जे मिळेल तेथे उतरा. कमी उंचीवर धावपट्टीकडे वळण्याच्या धडपडीत अनेक वैमानिकांनी प्राण गमावले आहेत. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने मोठ्या प्रवासी विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली. कॅप्टन सलनबर्गर यांनी विमानतळाचा हट्ट सोडून ते हडसन नदीत उतरवले व सर्व १५५ जण वाचले.

विमान वाचवण्याचा मोह सोडला की माणूस वाचतो, हे या विद्येचे सार मला वाटते. पुन्हा अशी बातमी वाचली तर वडिलांचा प्रश्न मीच आधी विचारीन : रान मोकळे होते का?