बधिर हातांचे वैद्य : डॉ. नोशीर अंतिया

आमच्या लहानपणीं मालवणच्या बंदरावर एक वृद्ध मनुष्य बसत असे. त्याच्या दोन्ही हातांचीं बोटें तळव्याकडे वळलेलीं होतीं, नाक बसलेलें होतें, आणि डोळे कधींच पुरते मिटत नसत. आम्ही मुलें त्याच्या वाडग्यांत पैसा टाकीत असूं तो हातभर उंचीवरून. कारण रक्तपितीवाल्याचा वारासुद्धां घेऊं नये, असें घरीं बजावलेलें असे. त्या माणसाचा रोग कदाचित् केव्हांच मावळलेला असेल व मागें उरली असेल ती केवळ व्यंगता, हें सांगणारें तेव्हां कोणी भेटलें नाहीं. पुढें डॉ. नोशीर अंतिया ह्यांच्या कार्याचा परिचय झाला, तेव्हां त्या हातांचा अर्थ आम्हांस थोडा उमगला. तोच विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

कुष्ठरोगानें बोटें झडून पडतात, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. ती खरी नाहीं. नॉर्वे देशांतील डॉ. हॅन्सन ह्यांनीं १८७३ सालीं ज्या जंतूचा शोध लावला, तो शरीराच्या थंड भागांतील मज्जातंतूंत घर करितो. कोपराच्या ज्या जागीं ठेंच लागली असतां हाताला झिणझिण्या येतात, तेथून जाणारा तंतु बिघडला कीं करंगळी व अनामिका वांकतात आणि त्या बाजूची कातडी बधिर होते. गुडघ्याच्या बाहेरील तंतु बिघडला तर पाऊल लोंबतें. चेहऱ्यावरील बिघडला तर पापणी मिटत नाहीं. परंतु खरी हानि होते ती ह्यानंतर. पेजेचें तापलेलें भांडें उचलतांना आपला हात आपण होऊन मागें येतो; बधिर हात येत नाहीं. रापणीच्या दोरीनें तळवा सोलवटला, आदोळीनें बोट कापलें, कातळावर अनवाणी चालून पायाला फोड आला, तरी त्या माणसास पत्ता नसतो. तो तसाच काम करीत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि वर्षामागून वर्षें बोट आंखूड होत जातें. वेदना ही आपली केवढी राखणदार आहे, हें ती गेल्यावरच कळतें.

ही गोष्ट नीट उलगडून दाखविणाऱ्यांत वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड हे प्रमुख होत. गंजलेलें एक कुलूप त्यांना स्वतःला उघडेना. तें एका लहान रोगी मुलानें सहज उघडलें. पाहतात तों किल्लीनें मुलाचें बोट हाडापर्यंत कापलेलें, आणि मुलास त्याची जाणीवच नाहीं! कांहीं रोग्यांचीं बोटें रातोरात नाहींशीं होत, त्याचाही त्यांनीं छडा लावला. निजलेल्या माणसाचीं बधिर बोटें उंदीर कुरतडीत असत. तेव्हां औषधाच्या जोडीला रोग्यांच्या खोल्यांतून मांजरें ठेवण्यांत आलीं. शास्त्रीय संशोधन म्हणजे नेहमींच कांचेच्या नळ्या नव्हेत.

डॉ. अंतिया ह्यांचा जन्म १९२२ सालीं हुबळीस एका पारशी घराण्यांत झाला. वैद्यकाचें शिक्षण झाल्यावर ते विलायतेस गेले, व पहिल्या महायुद्धांत तोफगोळ्यांनीं विद्रूप झालेल्या सैनिकांचे चेहरे ज्यांनीं पुन्हां घडविले, त्या सर हॅरॉल्ड गिलीज ह्यांच्या हाताखालीं त्यांनीं सुघटनशल्याची विद्या संपादिली. ही विद्या घेऊन परतलेल्या तरुण शल्यवैद्यास मुंबईपुण्यांत धनिकांचीं नाकें सुबक करून सुखानें राहतां आलें असतें. ते पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांकडे वळले. पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं ह्या शाखेचा विभाग उभारिला, व तेथेंही कुष्ठरोग्यांना इतर रोग्यांप्रमाणेंच वागविलें जावें असा आग्रह धरिला.

येथें थोडें विषयांतर करितों, कारण ह्या विद्येचें पुण्याशीं जुनें नातें आहे. टिपूबरोबरच्या युद्धांत कावसजी नांवाचा इंग्रज फौजेचा एक गाडीवान पकडला गेला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक बसवून दिलें. मेणाचा सांचा करून तो कपाळावर पसरावयाचा, त्याच्या मापाची कातडी भुंवयांमधील देठ कायम ठेवून सोडवावयाची, खालीं फिरवून बसवावयाची, आणि काताच्या लेपानें चिकटवावयाची, अशी ती रीत होती. ही हकीकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ मासिकांत १७९४ सालीं छापून आली. ती वाचून कार्प्यू नामक शल्यवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तसेंच नाक करून पाहिलें. त्या कारागिराचें नांव मात्र कोणी लिहून ठेवलें नाहीं. तेव्हां डॉ. अंतिया विलायतेंत जें शिकले, त्याचें एक मूळ पुण्याच्या मातींतच होतें म्हणावयाचें.

मौज अशी कीं, कुष्ठरोग्याच्या नाकाला कपाळाची कातडी फारशी उपयोगाची नसते. त्याचें नाक कापलेलें नसतें. आंतील अस्तर आकसून व मधला आधार नाहींसा होऊन तें आंत ओढलेलें असतें. म्हणून गिलीज ह्यांनीं काढलेल्या युक्तीप्रमाणें वरच्या ओंठाच्या आंतून शिरून तें आकसलेलें अस्तर सोडवावयाचें, व अंगावरील पातळ कातडी आंत लावून नाक पुन्हां उभें करावयाचें. चेहऱ्यावर वण म्हणून राहत नाहीं. ज्या माणसाला बसलेल्या नाकावरूनच सारा बाजार ओळखतो व दूर सारतो, त्याला चारचौघांसारखें नाक मिळणें ही चैन खास नव्हे. तेवढ्यावर त्याची नोकरी व मुलीचें लग्न अवलंबून असे.

न मिटणाऱ्या डोळ्यांचा उपाय आम्हांस सर्वांत अद्भुत वाटतो. आपण घांस चावतों तेव्हां कानशिलावर जो स्नायु हलतो, त्याची एक पट्टी सोडवून पापण्यांत गुंफतात. मग रोग्यानें दांत आवळले कीं डोळा मिटतो. परंतु शस्त्रक्रियेनें काम संपत नाहीं. तेव्हां शाळा सुरू होते. डोळा मिटण्यासाठीं दांत आवळावे लागतात, हें त्या माणसाला मूल अक्षर गिरवितें तसें रोज गिरवावें लागतें. हाताचेंही तसेंच. एका बोटाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशीं बांधणारी दोरी, दुसरीकडे जोडली, तर तिला नवें काम शिकवावें लागतें. आणि गेलेला स्पर्श परत येत नसल्यामुळें डोळ्यांनीं हाताची राखण करण्याचा पाठही घ्यावा लागतो. भांडें उचलण्यापूर्वीं फडकें, निजण्यापूर्वीं हातपाय निरखणें, फोड दिसतांच विश्रांति. हा पाठ जो विसरेल त्याचा सुधारलेला हात पुन्हां बिघडेल, मग शल्यवैद्य केवढाही कुशल असो.

एवढें कौशल्य हातीं असतां डॉ. अंतिया ह्यांच्या मनांत एक प्रश्न घर करून राहिला. मोठ्या शहरांतील एक शल्यवैद्य जन्मभर हात दुरुस्त करील, पण खेड्यांत तितक्याच अवधींत त्याहून कितीतरी अधिक हात वांकतील. मग दोष कोठें आहे? रोग उशिरां ओळखला जातो तेथें. अंगावर फिकट चट्टा उमटतो, तो दुखत नाहीं, खाजत नाहीं, म्हणून वर्षें जातात. १९७५ साली त्यांनीं जनस्वास्थ्याच्या संशोधनासाठीं एक संस्था काढिली. ह्याच सुमारास मुंबई बंदरासमोर, अलिबाग तालुक्यांतील मांडवा व भोंवतालच्या तीसएक गांवांत त्यांचा प्रयोग चालला होता. तो प्रदेश आपल्याच कोंकणचा. त्यांनीं तेथें डॉक्टर नेमिले नाहींत. अल्पशिक्षित अशा गांवच्याच बायांना शिकविलें. क्षय कसा ओळखावा, कुष्ठाचा चट्टा कसा तपासावा, बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी, हें त्या शिकल्या, व चांगल्या रीतीनें करूं लागल्या. आपल्या विद्येचा मोठा भाग साध्या भाषेंत देतां येतो, हें कबूल करणारा तज्ज्ञ विरळा. कांहीं वर्षांनीं गांवच्या पुढाऱ्यांचा विरोध होऊन हा प्रयोग थांबला, तेंही डॉ. अंतिया ह्यांनीं लपविलें नाहीं. आमच्या मतें त्यांच्या शस्त्रक्रियांपेक्षां ह्या बंद पडलेल्या प्रयोगाचें मोल अधिक आहे. १९९० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ सालीं ते निवर्तले.

दरम्यान रोगाचें स्वरूप पालटलें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुचविली. सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनीं रोग बरा होतो, त्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, आणि उपचार सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस भय उरत नाहीं. कुष्ठरोग्यांस कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. त्याच वर्षाच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानें, कुष्ठ बरें होऊन व्यंग राहिलेल्या माणसांना अपंगांत गणून त्यांचे अधिकार मान्य केले. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण होतें, तें कलमही २०१९ सालीं निघालें. तरीसुद्धां जगांत दरसाल सांपडणाऱ्या नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक अद्यापि भारतांतच सांपडतात, व त्यांत मुलेंही असतात.

आज आपल्या वाडीवाडींतून आशाताई ज्या वह्या घेऊन फिरतात, त्यांत मांडव्याच्या बायांचेंच काम पुढें चाललेलें दिसतें. त्या दारांत येऊन विचारतात, घरांत कोणाला चट्टा आहे काय? आंतून बहुधा ओसरीवरूनच उत्तर येतें कीं कोणाला नाहीं. पाठीवर चट्टा असणारें मूल त्या वेळीं शाळेंत असतें, आणि त्याची पाठ कोणी पाहिलेली नसते. तपासणी अगदीं सोपी आहे. मुलाला डोळे मिटावयास सांगावें, कापसाच्या टोंकानें कधीं चट्ट्यावर तर कधीं बाजूच्या निरोगी कातडीवर हळूच स्पर्श करावा, आणि स्पर्श कोठें झाला तें त्यानें बोटानें दाखवावें. चट्ट्यावरचा स्पर्श त्याला दाखवितां आला नाहीं, तर दुसऱ्याच दिवशीं त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रांत न्यावें.