काकडीचं धोंडस घरच्या ओव्हनमध्ये: आणि भाव का ठरवायचा भाजल्यानंतरच्या वजनावर



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण काकडीचं धोंडस करून पाहिलं. त्याची मापं, कृती आणि हिशेब इथे लिहून देतोय. वही-पेन जवळ घेऊनच वाचा. पदार्थ सोपा आहे, पण घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्यात पैसा नेमका कुठे गळतो ते शिकायला याच्याइतका चांगला पदार्थ नाही.

धोंडस म्हणजे काय?

धोंडस हा कोकणातला जुना गोड पदार्थ. पावसाळ्यात तिकडे मोठी, जाड सालीची काकडी येते, तिला तवसं म्हणतात. त्या तवसाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं एकत्र शिजवून भाजायचं, झालं धोंडस. गोव्यात याच पदार्थाला तवसळी म्हणतात. फणसाचं आणि आंब्याचंही धोंडस करतात.

ओव्हन नव्हता तेव्हा हे भाजायचे कसे? जाड बुडाच्या भांड्यात मिश्रण घालायचं, खाली मंद निखारे आणि झाकणावरही निखारे. म्हणजे खालून-वरून दोन्हीकडून आच. आपल्या ओटीजीमध्ये वरची आणि खालची कॉइल हेच काम करते. म्हणून हा पदार्थ घरच्या ओव्हनला अगदी सरळ बसतो. अंडं नाही, मैदा नाही, बेकिंग पावडर नाही. फुगला नाही म्हणून फसला, ही भीतीच नाही.

एक गोष्ट सोलापूरकरांसाठी. आपल्याकडे 'धोंडस' म्हटलं की ऐकणाऱ्याला अधिक महिन्यातले जावयाचे धोंडे आठवतात. ते पुरणाचे, आणि हे वेगळं. त्यामुळे डब्यावर नुसतं 'धोंडस' लिहू नका. खाली 'काकडी-गुळाचा कोकणी केक' अशी ओळ टाका. गिऱ्हाईकाला वस्तू काय आहे ते दोन सेकंदांत कळलं पाहिजे.

साहित्य (२० सेंमी म्हणजे ८ इंची एका चौकोनी टिनसाठी)

- तांदळाचा रवा (इडली रवा चालतो): २५० ग्रॅम
- काकडीचा कीस, सुटलेल्या पाण्यासकट: ५०० ग्रॅम
- चिरलेला गूळ: २२५ ग्रॅम
- ओलं खोबरं: ७५ ग्रॅम
- तूप: ५० ग्रॅम
- काजूचे तुकडे: ३० ग्रॅम
- वेलची पूड: ३ ग्रॅम
- मीठ: २ ग्रॅम

एकूण १,१३५ ग्रॅम. हा आकडा वहीत लिहा आणि त्याला गोल करा. पुढे लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आमच्या आजी वाटीने मोजायच्या, काही बिघडलं नाही." बरोबर आहे. आजी रोज तीच वाटी वापरायच्या आणि खाणारी माणसं घरचीच होती. आज डबा नेलेलं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात आलं तर त्याला तीच चव, तोच ओलावा, तेवढंच वजन पाहिजे. काकडीचा कीस वाटीत दाबून भरला की वेगळा, सैल भरला की वेगळा. त्यात काकडीचा जवळजवळ ९५ टक्के भाग पाणीच. म्हणून वाटी घरासाठी, ग्रॅम धंद्यासाठी. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा डिजिटल काटा ही तुमची पहिली खरेदी. ओव्हन नंतर.

कृती

१. प्रत्येक काकडीचं टोक कापून चाखा. कडू काकडीचा कडवटपणा शिजवून जात नाही, आणि एक कडू काकडी अख्खी बॅच वाया घालवते. तवसं आपल्याकडे सहज मिळत नाही, जून झालेली मोठी काकडी घ्या. साल आणि जाड बिया काढा, किसा. पाणी पिळून टाकू नका, रवा त्याच पाण्यात शिजणार आहे.

२. ३० ग्रॅम तुपात रवा मंद आचेवर ८-१० मिनिटं भाजा. खमंग वास यायला हवा. रंग लाल व्हायला नको.

३. जाड बुडाच्या पातेल्यात कीस आणि गूळ एकत्र तापवा. गूळ विरघळून उकळी आली की मीठ, वेलची आणि खोबरं घाला.

४. आता रवा थोडा थोडा घालत ढवळा. गुठळी होऊ देऊ नका. झाकण ठेवून मंद आचेवर ५-७ मिनिटं वाफ काढा. मिश्रण घट्ट लापशीसारखं झालं पाहिजे.

५. टिनला १० ग्रॅम तूप लावा, तळाला केळीचं पान घातलं तर वास छान लागतो. मिश्रण ओतून उलथन्याने दाबून सपाट करा. वर काजू आणि उरलेलं १० ग्रॅम तूप.

६. ओव्हन आधी तापवून घ्या. १८० अंश सेल्सिअसवर, दोन्ही कॉइल चालू ठेवून, ४० ते ४५ मिनिटं भाजा. वरचा थर तांबूस झाला आणि कडा टिनपासून सुटल्या की झालं. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून पहिल्या तीन बॅचची वेळ वहीत नोंदवा.

७. पूर्ण गार होऊ द्या, निदान चार तास. गरम असताना सुरी लावली तर तुकडे मोडतात, कारण तांदळाचा रवा गार झाल्यावरच नीट घट्ट धरतो. मोडलेला तुकडा विकता येत नाही.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर करता येतं. शिकायला ते चालेल. पण वरून आच मिळत नसल्यामुळे वरचा थर फिका राहतो आणि वेळही दर वेळी बदलते. विक्रीसाठी ओव्हनच बरा.

आता येऊ मुद्द्यावर: वजन गेलं कुठे?

टिनमधून काढलेलं धोंडस काट्यावर ठेवा. आत गेलं होतं १,१३५ ग्रॅम. बाहेर आलेलं धरूया ९६० ग्रॅम. १७५ ग्रॅम वाफ होऊन गेली. तुमच्या ओव्हनमध्ये थोडं कमी-जास्त होईल, पण घट येणारच. त्यात कडा सरळ करणं, चव बघणं, चुरा यात ६० ग्रॅम गेले. विकायला उरले ९०० ग्रॅम, म्हणजे १५० ग्रॅमचे सहा डबे.

बहुतेक जण हिशेब कुठे करतात? कच्च्या मालावर. १,१३५ भागिले १५०, म्हणजे साडेसात डबे. ते दीड डबे कधी जन्मालाच आले नाहीत, पण भाव ठरवताना ते धरलेले असतात. केक असो, बर्फी असो, भाजलेली शेव असो, हीच गोष्ट घडते.

एका बॅचचा खर्च

खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या बिलावरचे दर घाला, रीत तीच ठेवा.

- रवा, ६० रु. किलोने: १५ रु.
- काकडी ४० रु. किलोने. कीस ५०० ग्रॅम पाहिजे, तर साल-बियांसकट ७०० ग्रॅम विकत घ्यावी लागते: २८ रु.
- गूळ, ६० रु. किलोने: १३.५० रु.
- अर्धा नारळ: २० रु.
- तूप, ६४० रु. किलोने: ३२ रु.
- काजू, ९०० रु. किलोने: २७ रु.
- वेलची: ९ रु., मीठ: ५० पैसे

कच्चा माल झाला १४५ रु.

- वीज आणि गॅस: २० रु. (१५०० वॅटचा ओव्हन तासाला जास्तीत जास्त दीड युनिट खातो)
- डबा आणि लेबल, ८ रु. प्रमाणे सहा: ४८ रु.
- तुमची मेहनत: किसणं, शिजवणं, कापणं, भरणं, भांडी धुणं मिळून दीड तास, ८० रु. तासाने: १२० रु.

एकूण ३३३ रु. भागिले सहा, म्हणजे एका डब्याला साडेपंचावन्न रुपये.

आता चुकीचा हिशेब बघा. १४५ रु. भागिले साडेसात डबे, म्हणजे डब्याला १९ रुपये आणि थोडे पैसे. "वीस रुपयांचा माल, चाळीसला विकू, डबल फायदा!" सहा डबे विकून आले २४० रु. त्यातून माल १४५, वीज-गॅस २०, डबे ४८ गेले. हातात राहिले २७ रुपये. दीड तासाच्या कामाचे २७ रुपये. असं सहा महिने चाललं की घरची माणसं म्हणतात, "कशाला हा उद्योग, पुरे कर." आणि बाई पण म्हणते, "बरोबर आहे, धंदा काही चालत नाही." पदार्थ उत्तम असतो, गिऱ्हाईक खूश असतं, तरी धंदा बंद पडतो. असे धंदे भाव ठरवतानाच बसलेले असतात.

मग भाव किती?

सगळे डबे विकले जातील असं धरू नका. सहातला एक उरला तर ३३३ रु. पाच डब्यांवर पडले, म्हणजे डब्याला जवळपास ६७ रु. म्हणून ८५ रु. भाव धरला तर:

- थेट गिऱ्हाईकाला पाच डबे: ४२५ रु. मेहनतीचे १२० धरूनही वर ९२ रु. सुटतात.
- दुकानात ठेवून २० टक्के कमिशन दिलं: डब्याला ६८ रु. हातात, पाच डब्यांचे ३४० रु. सुटतात फक्त ७ रु.

बघा, तोच डबा, तोच भाव, फक्त विकायची वाट बदलली. सुरुवातीला दुकानाच्या मागे लागू नका. आधी ऑर्डर, मग किसणी हातात. नवी पेठेत काय कमी माणसं आहेत? दुकानदार, त्यांच्याकडे काम करणारी पोरं-पोरी, खरेदीला आलेली कुटुंबं, आणि चार वाजताचा चहा सगळ्यांनाच लागतो. छोटे तुकडे चवीला द्या, बुधवारपर्यंत ऑर्डर घ्या, शनिवारी पोच करा. उरणारा डबा असा कमी होतो.

आणि खर्च कमी करायचा असेल तर काजू कमी करू नका. एकदम दोन टिन करा. दोन वेगळ्या बॅचना तीन तास जातात, एकत्र केल्या तर धरा दोन तास. टिनमागे मेहनत १२० वरून ८० वर येते, आणि डबा ४९ रुपयांच्या आत पडतो. चव तीच, वजन तेच.

टिकणं

आपली कडक भाकरी महिनोन् महिने प्रवास करते, कारण तिच्यात पाणी जवळपास नसतंच. धोंडसाचं उलटं आहे. ते ओलं आहे, वर ताजं खोबरं. सोलापूरच्या उन्हाळ्यात, ४० अंशांच्या वर पारा असताना, बाहेर ठेवलं तर त्याच दिवशी संपवावं. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. अंदाजावर जाऊ नका. एका बॅचचे तीन डबे बाजूला ठेवा, रोज एक उघडा, वास, चव आणि चिकटपणा बघा. शंका आली त्याच्या आदल्या दिवसाची तारीख लेबलवर टाका. लांबच्या कुरिअरच्या ऑर्डरला सध्या नम्रपणे 'नाही' म्हणा.

कागदपत्रं आणि लेबल

- अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि घरून विकणाऱ्यांनाही लागू आहे. छोट्या उद्योगाला मूलभूत नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांत त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये ठेवली होती. अर्ज करताना फॉसकॉस पोर्टलवर चालू मर्यादा आणि फी बघून घ्या.
- लेबलवर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, तुमचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, कमाल किंमत आणि शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह. तूप आणि काजू आहेत म्हणून 'दूध व सुकामेवा आहे' हेही लिहा.
- क्रम लावताना बघा, या कृतीत पहिलं नाव काकडीचं येतं, दुसरं रव्याचं. लोक सवयीने उलटं लिहितात.
- 'शुगर-फ्री' किंवा 'डायबेटिसला चालेल' असं चुकूनही लिहू नका. गूळ ही साखरच आहे. कुणाच्या तरी घरात खरोखर डायबेटिसचा पेशंट असतो. 'ग्लूटेन-फ्री'सुद्धा नको. रवा तांदळाचा असला तरी त्याच ओट्यावर तुम्ही कणीक मळता.

पुढची पायरी

काकडीचं जमलं की केळ्याचं करून बघा. करमाळा, माढा भागात केळी भरपूर, आणि जास्त पिकलेली स्वस्त मिळतात. काकडीच्या ५०० ग्रॅमऐवजी ३५० ग्रॅम कुस्करलेलं केळं आणि १५० ग्रॅम पाणी, गूळ १५० ग्रॅमवर आणा. अर्ध्या मापाने चाचणी घ्या आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडा. फळ बदललं की घट बदलते.

गृहपाठ

या आठवड्यात एकच बॅच करा आणि पाच आकडे लिहा: टिनमध्ये गेलेलं वजन, बाहेर आलेलं वजन, विकण्याजोगं वजन, लागलेला वेळ, एकूण खर्च. शेवटचा आकडा डब्यांच्या खऱ्या संख्येने भागा. जे उत्तर येईल त्याच्या खाली एक रुपयानेही विकू नका, बहिणीच्या मैत्रिणीलासुद्धा नाही. भेट द्यायची तर डबा भेट द्या, पण वहीत 'भेट' म्हणून लिहा.

तुमचे पाच आकडे व्हिडिओखाली टाका. पुढच्या वेळी त्यातलेच काही हिशेब घेऊन बसू.

कामाला लागा, शुभेच्छा!