मला आवडतं, इथून सुरुवात कर

रत्नागिरी

चि. मनू,


रविवारी तुझा फोन झाल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू म्हणालीस, “मामा, ग्रीकचा छंदांचा धडा अगदी सोपा होता, एका दिवसात पाठ झाला.” आणि लगेच म्हणालीस, की बाईंनी वर्गात बोलायला उभं केलं तेव्हा तिसऱ्या वाक्यावर सगळं आटोपलं. वाचन, संगीत, प्रवास. पुढे काय बोलावं ते सुचेना.

अगं, त्या तिन्हींत तू कुठे आहेस? पहाटे सॅक अडकवून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारी, वर पोचल्यावर आधी कॅमेरा काढणारी आणि घरी असली की माझ्या डग्ग्यावर हात साफ करणारी मुलगी तू. यातलं काहीच तू वर्गात सांगितलं नाहीस. पुस्तकातली यादी सांगितलीस, म्हणून ऐकणाऱ्यालाही पुढे विचारावंसं वाटलं नाही. परीक्षेच्या तोंडीतही असंच होईल, आणि परीक्षेपेक्षा मला काळजी तुझ्या तिथल्या दिवसांची आहे. थेसालोनिकीत समुद्राकाठी फिरायला निघालेल्या चार जणांत तुला सामील व्हायचं असेल, तर तुझी आवड त्यांच्या भाषेत सांगता आली पाहिजे. तिथे या मित्रमंडळाला ‘पारेआ’ म्हणतात, आणि नवा माणूस पारेआत आला की पहिल्या कॉफीलाच हा विषय निघतो.

तुझी दुसरी अडचण मला फोनवर ऐकू आली. तू वाक्य आधी इंग्रजीत बांधतेस आणि मग ग्रीकमध्ये उतरवतेस. या बाबतीत तो फार लांबचा रस्ता आहे. इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. ग्रीकमध्ये तसं नाही. ‘मू अरेसी तो वुनो’, मला डोंगर आवडतो. ‘मू अरेसून ता वुना’, मला डोंगर आवडतात. डोंगर अनेक झाले की क्रियापद बदललं, ‘मू’ मात्र होतं तसंच राहिलं. हे तुला कुणी शिकवायची गरज आहे का? तू बोलायला लागलीस तेव्हापासून ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’ म्हणत आलीस. कर्ता आंबा, तू नव्हेस. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना जे वळण घासून घासून शिकावं लागतं, ते तुझ्या जिभेवर जन्मापासून आहे.

याचाच पुढचा भाग फार उपयोगाचा आहे. कुणी म्हणालं ‘मू अरेसी’ आणि तुझंही तेच मत असेल, तर ‘क्येगो’ म्हणू नकोस. क्येगो म्हणजे मीही. इथे ‘क्येमेना’ म्हणायचं, म्हणजे मलाही. तुझ्या वर्गातली इंग्रजीत विचार करणारी मुलं इथे चुकत असतील. तू मराठीत विचार केलास तर चुकूच शकत नाहीस, कारण ‘मला डोंगर आवडतो’ याला ‘मीही’ असं उत्तर तू आयुष्यात कधी दिलेलं नाहीस.

मराठी जिथे साथ देत नाही तेही सांगतो. आपण ‘चालायला आवडतं’ म्हणतो. आपलं ‘चालायला’ मी, तू, ते, सगळ्यांना सारखंच. ग्रीकमध्ये असं मोकळं रूप नाही, तिथे क्रियापद माणसाप्रमाणे चालवावंच लागतं. मला चालायला आवडतं: ‘मू अरेसी ना पेर्पाताओ’. तुला आवडतं: ‘सू अरेसी ना पेर्पातास’. शिवाय नेहमीची गोष्ट आणि एकदाची गोष्ट यांची रूपं वेगळी. आवड ही नेहमीची, म्हणून ‘पेर्पाताओ’. पण उद्या एक फेरी मारून यायची आहे, तर ‘थेलो ना पेर्पातीसो’. आपल्याकडे ‘चालायला आवडतं’ आणि ‘उद्या चालून यायचंय’ यांत जो फरक ऐकू येतो, त्याच्याच जवळपासचा हा आहे. एक वाक्य पाठ कर, त्यात दोन्ही रूपं शेजारी शेजारी बसली आहेत: ‘था ईथेला ना माथो ना खोरेवो’, मला नाच शिकायला आवडेल. शिकणं एकदाचं, नाचणं कायमचं. आवडीनिवडींबद्दल बोलताना हे वाक्य इतक्या ठिकाणी लागतं, की तोंडात बसलंच पाहिजे.

(मी नागरीत लिहितोय, तर उच्चारांचं ध्यानात ठेव. ‘थ’ लिहिलाय तिथे आपला श्वास सोडणारा थ नको, जिभेचं टोक दातांत धरून हवा जाऊ दे. पुढे ‘एदो’त येणारा ‘द’ही तसाच, हलका. आणि ‘ख’ म्हणजे गझल गाणारे ‘ख़ुदा’त काढतात तो.)

बाकीची क्रियापदं पटापट सांगतो. ‘पेज़ो’ म्हणजे खेळणं आणि वाजवणंही. चेंडू असो, गिटार असो, पेज़ो एकच. फोटोला ‘त्रावाओ’, म्हणजे ओढणं, हिंदीत फोटो ‘खींचते हैं’ तसंच. पाच वर्षं गड चढतेयस हे सांगायला ‘एदो के पेन्दे ख्रोन्या’ म्हण आणि क्रियापद साध्या वर्तमानात ठेव, मराठीत ठेवतेस तसं. घरमालकीणबाईंशी बोलताना ‘सू’ नको, ‘सास अरेसी’ म्हण. आपलं तू आणि तुम्ही. त्यांनी आपणहून एकेरीत बोल म्हटलं, तरच एकेरीवर ये.

एका शब्दापाशी मात्र मला थांबायचंय. छंदाला तिथे ‘खोबी’ हा आयता घेतलेला शब्द आहेच, पण कशात मन रमवतेस हे सांगायला ‘अस्खोलूमे मे’ म्हणतात, म्हणजे ‘अमुक गोष्टीत गुंतलेली असते’. प्राचीन ग्रीकमध्ये ‘स्खोली’ म्हणजे फुरसत, त्यावरूनच पुढे शाळेचा शब्द आला. ‘अ’ लावला की फुरसत नसलेला. म्हणजे रिकाम्या वेळात काय करतेस याचं उत्तर ज्या क्रियापदाने द्यायचं, त्याच्या पोटात ‘मला रिकामा वेळ नाही’ असं दडलेलं आहे. बोटीवर नोकरीला असताना वॉच संपल्यावर मी तबल्याला बसायचो, तेव्हा मला हे अगदी खरं वाटायचं. एक सावधगिरी: याच क्रियापदाने पोटापाण्याच्या उद्योगाबद्दलही विचारतात. समोरच्याचा रोख बघून उत्तर दे.

आता माझी गोष्ट सांगतो. आमची बोट पिरेयसजवळ पेरामाच्या गोदीत दुरुस्तीला लागली होती. मी तेव्हा सेकंड इंजिनियर. एक वयस्क फिटर मला मेरीमातेच्या 15 ऑगस्टच्या सणाला आपल्या गावी घेऊन गेला. चर्चसमोरच्या पटांगणात टेबलं मांडली होती, क्लॅरिनेट चाललं होतं आणि लोक हात धरून गोल नाचत होते. दोन गाणी झाली आणि माझी बोटं आपोआप टेबलावर चालू लागली: तिं तिं ना, धिं ना, धिं ना. रूपक! तीन, दोन, दोन. तो नाच कालामातियानोस होता. त्याच्या सात मात्रा अशाच पडतात, आधी तीनाचा लांब तुकडा आणि मग दोनाचे दोन. फिटर माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याने टेबलावर आपला हात ठेवला आणि आम्ही दोघं वाजवू लागलो. मला तेव्हा ग्रीक येत होतं ते इंजिनरूमपुरतं. त्या रात्री मी ‘क्रुस्ता’ शिकलो, म्हणजे आघाताने वाजणारी वाद्यं. ‘देफी’ शिकलो आणि हातात घेतल्यावर कळलं की हा आपला डफ. नावही त्याच घराण्यातलं, अरबीतून एक शाखा तुर्कीमार्गे तिकडे गेली, एक फारसीमार्गे आपल्याकडे आली. आणि मैफल रंगली की ते ज्याला ‘केफी’ म्हणतात, तो शब्दही आपल्या ‘कैफ’चा सख्खा भाऊ. आपल्या कैफात नशेची छटा आहे, त्यांच्या केफीत निखळ आनंद.

तोवर माझी दोन वर्षं ग्रीक माणसांबरोबर गेली होती. मला हवामान विचारता येत होतं, पगाराचं बोलता येत होतं. पण कुणाशी मैत्री झाली नव्हती. त्या रात्री झाली, कारण माझ्या मनात खरोखर असलेली गोष्ट पहिल्यांदाच टेबलावर आली होती. शब्द अपुरे होते, पण समोरचा ते पुरवायला आतुर होता. आवडीच्या गोष्टीला शब्द पुरवणारा माणूस भेटला की भाषा फार झपाट्याने येते. हे मी कुठल्याही पुस्तकात शिकलो नाही, म्हणून तुला पुन्हा पुन्हा सांगतो.

म्हणून छंदांची यादी वहीतून फाडून टाक. एकच विषय घे, डोंगर. त्याचे बारके शब्द जमव: वाट, खिंड, चढ, कडा, धुकं, पाण्याची बाटली, सुटलेली नाडी, पाय घसरणं. पायी भटकंतीला ‘पेज़ोपोरीआ’ म्हणतात. त्यातला पहिला भाग म्हणजे पायी चालणारा, आणि त्याचं मूळ आपल्या संस्कृत ‘पद’चंच. आपण पदभ्रमण म्हणतो, ते पेज़ोपोरीआ म्हणतात.

आणि तुझ्यासमोर तर ऑलिंपस आहे. हवा स्वच्छ असली की थेसालोनिकीच्या किनाऱ्यावरून आखातापलीकडे दिसतो. कळसूबाई 1,646 मीटर, हा 2,917. त्याच्या सर्वोच्च शिखरावर, मितिकासवर, 1913 च्या ऑगस्टमध्ये जे तिघे चढल्याची पहिली नोंद आहे, त्यांत फ्रेडेरिक ब्वासोना हा स्विस छायाचित्रकार होता, आणि वाट काढणारा ख्रिस्तोस काकालोस पायथ्याच्या लितोखोरो गावचा. डोंगर आणि कॅमेरा, तुझे दोन्ही विषय. बाईंना ही गोष्ट ग्रीकमध्ये सांगून बघ. सांगताना अडलीस तर अडू दे, त्या मधे शब्द सुचवतील. सुचवलेला प्रत्येक शब्द लगेच पुढच्या वाक्यात वापर. वहीत नंतर लिही.

रूपकाचा ठेका रोज धर. तुझ्या आईने पार्सलमध्ये ट्रेकचे बूट घातलेत, पोचले की कळव. मितिकासचा शेवटचा टप्पा कड्याचा आहे, तिथे एकटीने जायचं नाही, माहितगार माणूस बरोबर हवाच. लितोखोरोहून परत आलीस की मला पत्र लिही, ग्रीकमध्ये, आणि वर धुकं होतं की नाही ते आधी सांग.

तुझा,
मामा