सुरक्षित दिवसांचा हिशेब

कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता शरीरसंबंध घडल्यानंतर, 'आता दिवस तर जाणार नाहीत ना?' या शंकेने व्याकूळ झालेली स्त्री दवाखान्यात येते तेव्हा पुष्कळदा तिच्या हाती दिनदर्शिकेचे पान असते, पाळीच्या तारखेभोवती पेनाने वर्तुळ काढलेले असते, आणि तेथून मोजलेला दिवस सुरक्षित की कसे याचा निवाडा तिला हवा असतो.

बीजांडकोशातून सुटलेले स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास फलनक्षम राहते. शुक्रजंतू मात्र स्त्रीशरीरातील अनुकूल स्रावात 5 दिवसांपर्यंत तग धरू शकतात, आणि म्हणूनच स्त्रीबीज सुटण्याचा दिवस व त्याआधीचे 5 दिवस हा गर्भधारणेचा खरा काळ होय. त्यातील अखेरच्या दोन-तीन दिवसांत एकाच संबंधातून गर्भ राहण्याचा संभव चारांत एक ते तिनांत एक इतका असू शकतो. परंतु हे स्त्रीबीज सुटते पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी. म्हणजे ही मोजणी उलट्या दिशेने करावयाची, आणि पुढची पाळी कोणत्या तारखेस येईल हे तर आज कोणालाच ठाऊक नसते! आजारपणाने वा मनस्तापाने ती तारीख सहज पुढे सरकते. ज्यांची पाळी लवकर येते त्यांना पाळी ओसरता ओसरता घडलेल्या संबंधातूनही दिवस जातात. पहिल्याच वेळी गर्भ राहत नाही, किंवा लगेच धुतले की भीती नाही, या समजुतींना तर कसलाच आधार नाही.

तेव्हा हिशेबात वेळ न दवडता 72 तासांच्या मुदतीत, आणि त्यातही जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्यावी. ती स्त्रीबीज सुटणे लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही, आणि बीज आधीच सुटले असेल तर तिचा उपयोग होत नाही. याहून खात्रीचा उपाय म्हणजे 5 दिवसांच्या आत बसवून घेतलेली तांबी. पाळी चुकली, किंवा संबंधास 3 आठवडे लोटले, की लघवीची तपासणी करून खातरजमा करावी.

र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यास शतक उलटले. तरीही अविवाहित मुली आजही हा प्रश्न खालमानेने विचारतात, याचे मला मनापासून दुःख होते. गर्भपाताची वेळ आलीच, तर सज्ञान स्त्रीस केवळ स्वतःची संमती पुरेशी असते आणि तिचे नाव गुप्त राखणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. तरी भिडेपोटी दिवस न घालवता नोंदणीकृत डॉक्टरांकडेच जावे.