बोटाचे टोक व जबड्याची गाठ

विद्यार्थिमित्रहो, कापडाच्या दुकानात आपल्या मातोश्री साडीचा पोत कसा पारखतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. पदरावर नुसते बोट ठेवून त्यांचे समाधान होत नाही. अंगठा व तर्जनी यांमध्ये धरून त्या तो हलकेच चोळतात. यात शास्त्राचे एक तत्त्व आहे. बोट स्थिर असता बारीक पोत नीटसा कळत नाही. ते सरकू लागले म्हणजे घर्षण उत्पन्न होते, बोटावरील सूक्ष्म रेषांमुळे त्वचेत कंप उठतो आणि मज्जातंतू तो मेंदूस पोहोचवितात. डेव्हिड काट्झ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२५ साली स्पर्शज्ञानातील हालचालीचे हे महत्त्व विस्ताराने मांडले. ब्रेल लिपी वाचणारा विद्यार्थीही म्हणूनच ओळीवरून बोट फिरवीत जातो.

परंतु महाराष्ट्रात पुष्कळ घरी हेच बोट मिश्री घासण्याच्या कामी येते. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती हिरड्यांवर चोळल्याने, अथवा तंबाखूची चिमूट गालात धरल्याने, तिच्यातील विषारी द्रव्ये तेथील नाजूक त्वचेत भिनतात. त्यातून कर्करोग उद्भवल्यास तो हिरडीखालील जबड्याच्या हाडातही शिरतो. जबड्याची प्रत्येक गाठ तंबाखूचीच असते असे मात्र नाही. काही गाठी दात घडविणाऱ्या पेशींपासून होतात व त्या बहुधा कर्करोगाच्या नसतात.

कर्करोग हाडाच्या कडेपर्यंतच आला असेल तर शस्त्रवैद्य तेवढी कड काढून जबडा अखंड राखतात. तो आत शिरला असेल तर हाडाचा तुकडाच काढावा लागतो. त्या जागी पायाच्या नळीतील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून बसविता येते. शरीराचा भार मुख्यत्वे शेजारचे जाड हाड वाहत असल्याने रुग्ण पुन्हा चालू शकतो. तथापि खालच्या ओठाचा स्पर्श मेंदूस नेणारा मज्जातंतू जबड्याच्या हाडातूनच जातो. तोही गेला तर ओठ बधिर होतो आणि पाणी ओघळले तरी रुग्णास कळत नाही.

रोग लवकर ओळखणे म्हणूनच महत्त्वाचे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने (स्थापना १९४१) २०१५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तोंडाच्या कर्करोगाच्या आरंभीच्या अवस्थेत मानेतील ग्रंथीही पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी शेकडा ८० रुग्ण हयात होते. ग्रंथींत रोग दिसेपर्यंत थांबले, तेव्हा शेकडा ६७.५.

आमचा नंदुरबार जिल्हा मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. नेहमीचे तिखट ज्यास एकाएकी सोसेनासे होते, किंवा ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नाहीत, त्याने सुपारी व गुटखा तत्काळ सोडून वैद्यास भेटावे. ही कर्करोगापूर्वीच्या एका विकाराची लक्षणे असू शकतात. घरातील वडीलधाऱ्यांनी महिन्यातून एकदा स्वच्छ धुतलेले बोट गालाच्या आतून, हिरड्यांवरून व जिभेखालून फिरवावे आणि आरशात पाहावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, कठीण गाठ, पांढरा वा लाल चट्टा, विनाकारण हलणारा दात अथवा बधिर ओठ आढळल्यास, दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. गाठ कसली आहे हे बोट सांगू शकत नाही. ते तिचा तुकडा तपासूनच ठरते. मात्र वैद्याकडे कधी जावे, हे बोट निश्चित सांगते.

मुलांनो, हा लेख आज घरी मोठ्याने वाचून दाखवा. आजीच्या मिश्रीच्या डबीविषयी बोलताना आदर सोडू नका, पण बोलल्यावाचून राहू नका.