वैद्यकातील तुलनेचा वाफा

उसास अगर हळदीस एखादे नवे खत घालून पाहावयाचे झाल्यास आष्ट्याच्या बाजूचा जाणता शेतकरी ते सगळ्या शेतास एकदम घालीत नाही. एका पट्ट्यास नवे खत व शेजारच्या पट्ट्यास नेहमीचे, अशी योजना करून तो दोहोंचा उतारा वजन करून पाहतो. कारण पीक चांगले आले म्हणजे ते खतानेच आले, असे होत नाही. पाऊस वेळेवर झाला असेल, अगर जमीनच कसदार असेल. औषधाची गोष्ट नेमकी अशीच आहे. वैद्यकातील नव्या शोधांच्या वार्ता आपल्या कानांवर नित्य येतात. त्यांतील दाणे कोणते व फोलपट कोणते हे ओळखण्याची रीत शेतकऱ्यास घरचीच आहे, हे ह्या लेखात दाखविण्याचा आमचा विचार आहे.

ही रीत वैद्यकाने घेतली ती शेतीकडूनच. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगक्षेत्रावर रोनाल्ड फिशर ह्या गणितज्ञाने १९२० नंतरच्या वर्षांत असा नियम घालून दिला की, कोणत्या वाफ्यास कोणते खत द्यावयाचे हे प्रयोग करणाराने मनाने ठरवू नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावे. नाहीतर चांगली जमीन आवडत्या खताच्या वाट्यास जाते. पुढे १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला, ती परीक्षा ह्याच तत्त्वावर केलेली होती. औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ दगावले. औषधाचा गुण असा उघड झाला.

आता आपल्या महाराष्ट्रातील तीन उदाहरणे पाहू. पहिले विंचवाचे. विंचू चावला म्हणजे मांत्रिकाकडे जावयाचे, ही चाल अजून पुष्कळ गावी आहे, आणि मंत्राने विष उतरल्याचे दाखलेही लोक देतात. ते दाखले खोटे नसतात. बहुतेक दंश वेदना देऊन आपोआपच उतरतात. परंतु तुलनेचा वाफा नसल्यामुळे श्रेय मंत्रास मिळते. लाल विंचवाचा दंश मात्र कधी कधी जिवावर बेततो. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, पुढे फुप्फुसांत पाणी भरते. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी १९८०च्या दशकात अशा रोग्यांस प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध देण्यास आरंभ केला, आणि गंभीर दंशाने होणारे मृत्यू पुष्कळच घटले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरील प्रतिविषाचा प्राझोसिनच्या जोडीला काही उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी त्यांनी ७० रोग्यांचे चिठ्ठ्यांनी दोन समान गट केले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ रोगी दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ झाले.

दुसरे उदाहरण बारामतीचे. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीच्या कीटकनाशकांच्या विषबाधेवर अॅट्रोपिनच्या जोडीला प्रॅलिडॉक्सिम हे औषध देत असत. ते थांबून थांबून द्यावे की शिरेतून सतत सोडावे, हा प्रश्न होता. तेथील डॉक्टरांनी २०० रोग्यांवर केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सतत औषध दिलेल्यांपैकी शेकडा १, तर थांबून थांबून दिलेल्यांपैकी शेकडा ८ दगावले. परंतु २००९ साली श्रीलंकेतील २३५ रोग्यांच्या प्रयोगाचा निकाल उलट आला. तेथे ह्या औषधाने लाभ दिसला नाही. औषध दिलेल्या गटातच मृत्यू अधिक झाले. एका गावी भरघोस आलेले बियाणे दुसऱ्या गावच्या जमिनीत का फसते, हे जो जाणतो त्याला ह्याचे नवल वाटणार नाही. विषाची जात, रोगी किती वेळाने पोचला आणि रुग्णालयातील सोय ह्यांवर फळ अवलंबून असते. म्हणून एकाच प्रयोगावर निकाल देऊ नये.

तिसरे उदाहरण घरातील स्त्रियांसंबंधी आहे. उस्मानाबाद, म्हणजे हल्लीच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविषयी मोठा प्रयोग झाला. गावांचे ५२ गट करून ते चिठ्ठ्यांनी चार भागांत वाटले, आणि ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश केला. तीन भागांत तपासणीच्या तीन निरनिराळ्या रीती वापरल्या. चौथा भाग तुलनेचा ठेवला. आठ वर्षांनंतर पाहता, रोगाच्या मुळाशी असलेला विषाणू शोधणारी तपासणी ज्या भागात एकदाच केली होती, तेथे ह्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तुलनेच्या भागात ६४. दोन्ही भागांतील स्त्रियांची संख्या जवळजवळ सारखीच होती. उरलेल्या दोन रीतींनी मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कागदावर तिन्ही रीती चांगल्याच दिसत होत्या. निवाडा वाफ्यानेच केला.

ह्यावरून आमच्या वाचकांनी तीन प्रश्न ध्यानी धरावेत. कोणी नव्या औषधाची थोरवी सांगू लागला तर विचारावे: त्याची तुलना कशाशी केली? रोग्यांची वाटणी चिठ्ठ्यांनी झाली काय? आणि हाच निकाल दुसऱ्या कोठे आला काय? अमक्या गावचा तमका बरा झाला, एवढे उत्तर मिळाल्यास ते नुसत्या चांगल्या पावसाचे पीक समजावे.

प्रसंग ओढवला असता मात्र प्रश्न विचारीत बसू नये. विंचू चावून घाम सुटला अगर हातपाय गार पडले, तर वाटेत मांत्रिकाचे घर न घेता रोग्यास तडक रुग्णालयात न्यावे. फवारणीचे विष अंगावर सांडल्यास कपडे काढून अंग साबणाने व पुष्कळ पाण्याने धुवावे, आणि औषधाचा डबा डॉक्टरांस दाखविण्यासाठी बरोबर घ्यावा. तीस वर्षांवरील स्त्रियांनी, काही दुखत नसतानाच, कर्करोगाची तपासणी करून घ्यावी. पिकाची काळजी आपण कीड दिसण्यापूर्वीच घेतो. घरच्या माणसांच्या वाट्यास त्याहून कमी काळजी येऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.