शिपायाच्या पेटीतील इतिहास

मुळशी तालुक्यातील कासारसाई हे गाव मावळच्या डोंगराळ मुलखात वसलेले आहे. तेथून तिकोना, तुंग, लोहगड हे किल्ले फार दूर नाहीत. किल्ल्यांचे बुरूज पाहिले म्हणजे लढाया, वेढे आणि सेनापती यांची आठवण होते. परंतु हे बुरूज ज्यांनी राखले, त्या साध्या शिपायांपैकी फारच थोड्यांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत. ग्रंथांतही साधा शिपाई बहुधा संख्येच्या रूपानेच भेटतो : अमुक हजार चालून गेले, अमुक शे पडले. मग त्याची ओळख कोठे शोधावी? पुष्कळदा ती त्याच्या लहानसहान वस्तूंत सापडते.

पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, महाराष्ट्रातील अनेक तरुण सैन्यात भरती होऊन परदेशी गेले. खडकी येथे ठाणे असलेल्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या फ्रान्समध्ये होत्या. खंदक खणणे, पूल बांधणे हे त्यांचे खरे काम. पण २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल या गावी त्यांनी हाती बंदुका घेऊन चढाई केली आणि त्यांची फार मोठी हानी झाली. त्याच वर्षीच्या नाताळात सैनिकांना पितळेची एक चपटी डबी भेट मिळाली. तिच्या झाकणावर इंग्लंडच्या राजकन्या मेरी यांचे मुख कोरलेले होते. गोऱ्या सैनिकांसाठी भेटीत तंबाखू व सिगारेटी होत्या. पुष्कळ भारतीय सैनिकांसाठी मात्र खडीसाखर आणि मसाल्याची लहान डबी होती. अशी डबी आज हाती आली, तर ती कडाक्याच्या थंडीत घरच्या चवीला मुकलेला शिपाई आपल्या डोळ्यांपुढे उभा करते.

आता पदकाकडे वळू. त्या युद्धाच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’ या पदकावर एका बाजूस राजा पंचम जॉर्ज यांचे मुख व दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आहे. लढणाऱ्या शिपायाचे पदक चांदीचे असे; ओझी वाहणाऱ्या व रस्ते बांधणाऱ्या मजूर तुकड्यांतील लोकांचे पदक काशाचे असे. एकाच युद्धात राबलेल्या माणसांचे मोल कसे निरनिराळे ठरविले गेले, हे केवळ धातूवरून कळते.

पदकाची कड निरखून पाहिली, तर तीवर बारीक इंग्रजी अक्षरे दिसतात. तो शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण होय. समजा, तेथे ११० क्रमांकाच्या मराठा पलटणीचा उल्लेख आहे. ही पलटण, तसेच १०३ व ११७ या मराठा पलटणी, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या काठी कुत नावाचे नगर आहे. तेथे ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. धान्य संपत आले, घोडे मारून खाण्याची वेळ आली. धर्माच्या व रीतीच्या विचाराने पुष्कळ भारतीय शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले व उपासमार सोसली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शत्रूच्या स्वाधीन झाली. त्यांतील कित्येक कैदेत मरण पावली.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. पदकावर ११० हा आकडा आहे, एवढ्यावरून तो शिपाई वेढ्यात होताच असे म्हणता येत नाही. तो कदाचित मागाहून भरती झाला असेल. त्याचे भरतीचे कागद, पत्रे आणि घरातील वृद्धांच्या आठवणी एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात. वस्तू वाट दाखविते. चालावे आपणच लागते.

त्या रणभूमीवर मेलेल्या व ज्यांच्या कबरी किंवा दहनाच्या जागा ठाऊक नाहीत, अशांसाठी १९२९ साली बसरा येथे मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर अंमलदारांची नावे कोरली. पण साध्या भारतीय शिपायांची नावे न कोरता प्रत्येक पलटणीखाली त्यांचा केवळ आकडा घातला. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये अशा विषम वागणुकीबद्दल क्षमा मागितली. उलट, मृतांच्या घरी जी काशाची वाटोळी तबकडी पाठविली जाई, तीवर हुद्दा न घालता फक्त नाव असे. कारण सर्वांचे बलिदान सारखेच, असा त्यामागील विचार होता. ज्या शिपायाचे नाव स्मारकाच्या दगडाला मिळाले नाही, ते त्याच्या घरच्या पेटीतील तबकडीवर किंवा पदकाच्या कडेवर राहिले!

मुलांनो, आपल्या घरी किंवा गावात अशी एखादी वस्तू असेल, तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका. घासण्याने कडेवरची अक्षरे झिजतात. ती कोणाची, कोठून आली, हे वडील माणसांना विचारून लिहून ठेवा आणि तो कागद वस्तूजवळच ठेवा. सांगणारा गेला व कागदही नसला, म्हणजे पदक हा केवळ धातूचा तुकडा उरतो. नाव जपणे हे आपले शिपायांप्रती असलेले ऋण आहे.

शब्दार्थ : ठाणे – मुख्य तळ. हुद्दा – अधिकाराचा दर्जा. अंमलदार – अधिकारी. ताडून पाहणे – तुलना करून खरेखोटे ठरविणे.

स्वाध्याय
१. पदकाच्या धातूवरून कोणती गोष्ट कळते?
२. पदकावरील पलटणीचा क्रमांक एकटाच पुरेसा पुरावा का नाही?
३. बसरा येथील स्मारक व घरी आलेली तबकडी यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
४. घरातील एका जुन्या वस्तूची माहिती वडील माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.